व्हर्सिस ६५०: मागचा टायर मधोमध सपाट होतोय, जास्त टिकणारा कोणता घ्यावा?

दिग्रस_रायडर

राम राम मंडळी. गाडी कावासाकी व्हर्सिस ६५०. टायरचं माप पुढे १२०/७० झेडआर१७, मागे १६०/६० झेडआर१७. मागचा टायर ९ हजार किलोमीटरमध्येच मधोमध सपाट झालाय. कडेची नक्षी मात्र नव्यासारखी आहे. पुढचा दिसायला बरा वाटतो, पण त्यावरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खडबडीत लागतो. साठच्या पुढे गुणगुणल्यासारखा आवाजही येतो.

वापर: दिग्रस-आर्णी-यवतमाळ-वर्धा-नागपूर हा नेहमीचा रस्ता, वेग १०० ते ११०. बहुतेक वेळा मागे बायको आणि दोन साइड बॉक्स. कधीमधी चिखलदरा, वर्षाकाठी एखादी लांबची फेरी. गाडी शेतात नेत नाही, पण फाट्यापासून घरापर्यंत अडीच किलोमीटर गिट्टी-मुरमाचा रस्ता आहे. हवा पेट्रोल पंपावर भरतो, पुढे-मागे ३२.

विचारायचं असं: जास्त टिकेल आणि पावसातही दगा देणार नाही असा टायर कोणता? फक्त मागचा बदलू की जोडी? आणि इथे एकाने सांगितलं की मागे १८० चा बसतो, तो रुंद असल्याने जास्त चालतो. खरं आहे का?

---

परतवाडा_घाट

१८० चं आधी निकालात काढू. तुमची मागची रिम साडेचार इंचाची आहे. १८०/५५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत) हा टायर साडेपाच इंचाच्या रिमसाठी बनतो. साडेचारवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि वरचा भाग टोकदार होतो. म्हणजे सरळ रस्त्यावर जमिनीला टेकणारी पट्टी रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद होते आणि मधलं रबर अजून लवकर जातं. शिवाय गाडी वळायला जड होते आणि चेनजवळची जागा कमी होते ती वेगळीच. दिसायला भारी दिसतो एवढाच फायदा. १६०/६० च ठेवा.

आता मधोमध सपाट होण्याबद्दल. मोटरसायकलचा टायर कारच्या टायरसारखा वाचायचा नसतो. कारमध्ये हवा कमी असली तर कडा झिजतात. इथे टायर गोल आहे, त्यामुळे हवा कमी आणि वजन जास्त असलं तर तो दबून मध्ये रुंद पट्टा झिजतो. हवा प्रमाणाबाहेर असेल तर मध्ये अरुंद पट्टी झिजते. तुमचा सपाट पट्टा किती रुंद आहे ते पट्टीने मोजा. सात-आठ सेंटिमीटर असेल तर दोष हवेचा आणि ओझ्याचा आहे, टायरच्या कंपनीचा नाही. दोन माणसं, दोन बॉक्स आणि मागे ३२ पीएसआय म्हणजे हवा कमीच. चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकर असतं, त्यावरचा आकडा पाळा.

दुसरं कारण रस्ता. यवतमाळ ते बुटीबोरी चौपदरी झाला, त्यात सिमेंटचा भाग मोठा आहे. सिमेंटच्या रस्त्यावर पाणी निघावं म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, त्या रबर किसून काढतात. वर वळण नाही, गाडी शंभरवर एका जागी. अमरावती-अकोला पट्ट्यात २०२२ साली विक्रमी वेळात डांबरीकरण झालं, तो रस्ता टायरला याहून बराच मऊ आहे. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपल्या नशिबी हेच रस्ते. म्हणून विदर्भात 'टिकाऊ टायर' याचा अर्थ मधलं रबर कडक आणि कडेचं मऊ असा टायर. यालाच ड्युअल कंपाउंड म्हणतात.

या वर्गातली (स्पोर्ट टूरिंग, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगात लांब जाण्यासाठीचे टायर) नावं: मिशेलिन रोड ५ आणि रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेत्झेलर रोडटेक ०१ आणि त्याचा एसई, ब्रिजस्टोन टी३२, कॉन्टिनेंटल रोडअटॅक. यातला रोड ६ हा रोड ५ पेक्षा १० टक्के जास्त टिकतो आणि ओल्या रस्त्यावरची पकड १५ टक्के वाढली असा मिशेलिनचाच दावा आहे. रोड ५ ची एक गोष्ट आपल्याला उपयोगी आहे: त्याच्या बारीक चिरा खाली रुंद होत जातात, त्यामुळे टायर अर्धा झिजला तरी पाणी बाहेर फेकायची जागा राहते. मध्ये टिकणं आणि पावसातली पकड या दोन्हींची बेरीज केली तर तुमच्या वापराला माझं मत रोड ६ ला, दुसरा क्रमांक एंजल जीटी २ ला. रोड ६ मध्ये 'जीटी' लिहिलेला प्रकार जास्त वजनाच्या टूरिंग गाड्यांसाठी आहे, ६५० ला साधाच घ्या.

भारतीय बनावटीत टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड हा स्टील बेल्टचा स्पोर्ट टूरिंग रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे असलेला टायर) आहे. आयात टायर वेळेवर मिळत नसेल तर त्याची चौकशी जरूर करा. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे, म्हणून परदेशी टायरचा साठा कधी असतो, कधी महिनोन्‌महिने नसतो. गावात बसून 'येईल, येईल' ऐकण्यापेक्षा मिळणारा चांगला टायर बरा.

बाजूच्या भिंतीवर ६९डब्ल्यू लिहिलेलं पाहून घ्या. ६९ म्हणजे त्या टायरवर ३२५ किलोपर्यंत भार चालतो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० पर्यंतचा वेग. पुढच्याला ५८डब्ल्यू, म्हणजे २३६ किलो. वेगाचं अक्षर आपल्याला इथे शोभेपुरतंच आहे. भाराचा आकडा मात्र ६९ च्या खाली घेऊ नका, कारण तुमची गाडी कायम भरलेली असते.

---

काळी_माती

राम राम भाऊ. वरच्या भाऊनं टायरचं सांगितलं, मी काट्याचं सांगतो, कारण आपल्याइकडे टायर झिजून जायच्या आधी पंक्चरनंच जाते.

बाभळीचा काटा टायरात शिरला का तो आत तुटते. वरून काहीच दिसत नाही, अन् हवा रोज दोन-तीन पीएसआय कमी होत राह्यते. मानूस समजते व्हॉल लीक हाय. असं झालं तर चाकावर साबनाचं पानी मारा, बुडबुडा कुठून येते ते पाहा, खडूनं खून करा. काटा लगेच उपटू नका. वात (भोकात कोंबाची चिकट रबरी दोरी), रीमर (भोक साफ कराची खरबरीत सळई) अन् हवेचा पंप हातात असल्यावरच उपटा. रीमर काटा ज्या तिरपाईनं गेला त्याच तिरपाईनं घाला, सरळ घातला तर आतली स्टीलची जाळी दुसऱ्या जागी फाटते.

वात मधल्या नक्षीत चालते. कडेच्या भिंतीत बिलकुल चालत नाही, तिथं टायर वाकते अन् वात निंघून येते. लांब जायचं असन तर टायर खोलून आतून छत्रीवाला पॅच लावून घ्या, ते पक्कं काम. वात म्हनजे घरी पोचायपुरती, तिच्यावर ११० नं चालवू नका.

पंक्चरवाला म्हनते ट्यूब टाका, झंझट संपली. टाकू नका. रेडियल टायरात ट्यूब आतून घासते, गरम होते, अन् फुटली का हवा एका झटक्यात जाते. ट्यूबलेसमधून ती हळू जाते, गाडी थांबवाले टाइम भेटते. हिरवं-निळं जेल भरून देते तेही नको. जेल एका बाजूला जमते, चाक डुगडुगते, अन् नंतर पॅच चिकटत नाही.

दिवाळीच्या आगंमागं रस्त्यावर सोयाबीन टाकलेलं राह्यते, अन् मळणीचं कुटार. त्याच्यावर रोड ६ काय अन् गोटा टायर काय, सारखेच. ब्रेक सोडून, हँडल सरळ ठेवून निंघून जा लागते.

---

वरोरा_लोड

एवढा खर्च करायचाच तर थोडा गुटगुट्या नक्षीचा, पन्नास-पन्नासवाला (अर्धा पक्क्या, अर्धा कच्च्या रस्त्याचा) टायर टाका ना भाऊ. फाट्यापासून घरापर्यंत गिट्टी आहे म्हणता, पावसात तिथे कामी येईल.

---

परतवाडा_घाट

अडीच किलोमीटरसाठी बाकीचं सगळं अंतर कशाला बिघडवायचं? पन्नास-पन्नास टायरमध्ये ठोकळ्यांच्या मधे मोकळी जागा जास्त, म्हणजे सिमेंटला टेकणारं रबर कमी. शंभरच्या वेगाने दोन माणसं घेऊन गेलं की प्रत्येक ठोकळा मागच्या बाजूने तिरपा झिजतो आणि त्याचा आवाज हेल्मेटमध्ये घुमतो. आयुष्य स्पोर्ट टूरिंगपेक्षा कमीच. आणि आपल्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर पांदण रस्त्यावर कोणताच टायर चालत नाही. माती नक्षीत भरली की चाक पिठात लाटलेल्या बेलण्यासारखं होतं. तिथे गाडी नेऊ नये हाच उपाय. मुरूम-गिट्टीवर स्पोर्ट टूरिंग टायर चाळीसने आरामात जातो. फक्त कडा धारदार असलेल्या ताज्या गिट्टीवर ब्रेक दाबून चाक घसरू देऊ नका, रबराचे तुकडे निघतात.

---

चंद्रपूर_४७_अंश

हवेबद्दल सगळे 'स्टिकर पाहा' म्हणून मोकळे होतात. खरा घोळ पुढे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, सावलीत. उन्हात उभी असेल तर ती थंड नाही, चालवलेली नसली तरीही. ३५-४० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण पावणेदोन पीएसआयने वाढतो. याचा हिशेब आपल्याकडे कसा बसतो पाहा: डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतात, मेच्या पहाटे ३०. मे महिन्यात बरोबर भरलेली हवा काहीही गळती नसताना हिवाळ्यात तीन-साडेतीन पीएसआयने कमी दिसते. म्हणून ऋतू बदलला की हवा पुन्हा लावायची. गळतीचा शोध घेत बसायचं नाही.

उलट चूक उन्हाळ्यात होते. मे महिन्यात दुपारी नागपूरला पोचलात, पंपावर गेज लावला, ३६ ऐवजी ४१ दाखवलं. पंपावरचा पोरगा म्हणतो 'साहेब जास्त आहे, फुटेल' आणि सोडून देतो. इथेच टायर मरतो. गरम टायरमधली वाढ हिशेबात धरूनच तो बनवलेला असतो. ती हवा सोडली की संध्याकाळी थंड झाल्यावर टायर ३१-३२ वर येतो. दुसऱ्या दिवशी कमी हवेने भिंत जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि तापलेलं रबर सिमेंटवर झपाट्याने जातं. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक या कमी हवेच्या आणि जास्त ओझ्याच्या जोडीने. नुसत्या उन्हाने चांगला टायर फुटत नाही.

तुम्ही पंपावर ३२ भरता, म्हणजे तिथवर टायर गरम झालेला. थंड झाल्यावर ते २८-२९ असणार. मागचा टायर ९ हजारांत का गेला याचं अर्धं उत्तर हेच आहे. उरलेलं अर्धं पंपाच्या गेजमध्ये. ती गेज रोज आपटत असतात, दोन-तीन पीएसआयचा फरक नेहमीचा. स्वतःचा एक गेज घ्या आणि कायम तोच वापरा. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला तर उत्तम. तो चालवताना इंजिन सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. आठवड्यातून एकदा आणि लांब निघायच्या दिवशी सकाळी, चाक फिरायच्या आधी हवा बघायची.

नायट्रोजनचं विचारतील म्हणून आधीच लिहितो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असलाच तर त्यात पाण्याची वाफ नसते एवढाच. फुकट मिळाला तर भरा, पण तो मिळावा म्हणून यवतमाळपर्यंत कमी हवेवर जाऊ नका. साधी हवा चालते.

आणि एक. बॉक्स भरून मागे माणूस बसवलं की हवेबरोबर सस्पेन्शनचा प्रीलोडही (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते) वाढवावा लागतो. तुमच्या गाडीला त्यासाठी हाताने फिरवायची नॉब आहे. ती न फिरवता मागची बाजू खाली बसली की पुढचं चाक हलकं होतं. पुढच्या टायरवर खडबडीतपणा येण्याची जी कारणं असतात त्यात हेही एक.

---

डॉमिनार_पुसद

मध्येच विचारतो, माफ करा. डॉमिनार ४०० ला, पुढे ११०/७० आर१७, मागे १५०/६० आर१७, यातलं काय?

---

परतवाडा_घाट

तुमच्या मापात भारतीय रेडियल बरेच आहेत आणि अमरावतीतच मिळून जातील: अपोलो अल्फा एच१, सीएट स्पोर्टरॅड, एमआरएफ स्टील ब्रेस. नुसतं टिकणं हवं आणि घाट फारसा नसेल तर स्टील ब्रेस. घाटही असेल तर अल्फा एच१, तो थोडा आधी झिजेल. एका गाडीवर पुढे साधा नायलॉनचा आणि मागे रेडियल अशी खिचडी करू नका. दोन्हींची भिंत वेगवेगळी वाकते, वेगात हँडल हलतं.

---

चाक_सरळ

पुढच्या टायरच्या खडबडीतपणाकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच, दुसरी खाली अशी झाली की हाताला करवतीसारखी लागते आणि गुणगुण येते. कारणं तीन: पुढे हवा कमी, जोरात पुढचा ब्रेक मारायची सवय, आणि फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या नळ्या) तेल जुनं. तेल पातळ झालं की चाक खड्ड्यानंतर दोन-तीनदा उड्या घेत राहतं आणि प्रत्येक उडीत एका जागी जास्त घासतं. गाडी सरळ धरून पुढचा ब्रेक दाबा, फोर्क खाली दाबून सोडा. वर येऊन एकदाच थांबला पाहिजे. वर-खाली-वर असा हलला तर नव्या टायरआधी फोर्कचं तेल आणि सील बघा. नाहीतर नवा टायरही पाच-सहा हजारांत असाच गाऊ लागेल.

मागच्या चाकाची सरळता घरीच बघता येते. स्विंगआर्मवरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंच्या खुणा बरेचदा जुळत नाहीत. दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी घ्या, मधोमध मागच्या टायरच्या मागच्या कडेला एक वेढा द्या आणि दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत आणा. दोरी जमिनीपासून शक्य तितकी उंच, पण कशाला अडता कामा नये. पुढची दोन्ही टोकं विटांना किंवा स्टुलाला बांधा आणि हळूहळू आत आणा, दोरी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेपर्यंत. हँडल सरळ. आता पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोरीपासूनचं अंतर मोजा. मागचा १६०, पुढचा १२०, म्हणजे दोन्हीकडे सुमारे २० मिलिमीटर यायला हवं. टायरची खरी रुंदी लिहिलेल्यापेक्षा थोडी कमी-जास्त असते, म्हणून आकड्यापेक्षा दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का ते महत्त्वाचं. एका बाजूला २६ आणि दुसरीकडे १४ आलं तर चाक वाकडं आहे. एक्सलची नट ढिली करा, चेन अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवा, पुन्हा मोजा, शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायच्या ठरलेल्या जोरावर) घट्ट करा. घट्ट केल्यावर आणखी एकदा मोजायचं, कारण नट आवळताना चाक सरकतं. वाकडं चाक टायरबरोबर चेनच्या स्प्रॉकेटचे दातही एका बाजूने खातं.

टायर बसवताना गावातल्या पंक्चरवाल्याला दुखवायचं नाही, पण टॉमी घेऊन व्हर्सिसच्या रिमशी झटू देऊ नका. रेडियलची कड कडक असते, जोर लावला की अ‍ॅलॉयला ओरखडे येतात, तिथून हवा गळते, आणि एबीएसची दातेरी रिंग वाकली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. यवतमाळ, अमरावती किंवा नागपुरात मशीन असलेलं दुकान पाहा. चाकं खोलून तेवढीच नेली तरी चालतं. तिथे उभं राहून बघायच्या गोष्टी अशा: कडेला साबणाचं पाणीच लावलं पाहिजे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही, कारण टायर रिमवर घसरत राहतो. बाण चाक फिरायच्या दिशेला. भिंतीवर रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ. रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक टायरबरोबर नवा, कारण आपल्या उन्हात तो मुळाशी तडकतो आणि वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. नंतर बॅलन्सिंग, चिकटवायच्या वजनांनी. रिम आधी पुसून घ्या, धुळीवर वजन चिकटवलं की पहिल्या पावसात पडतं.

चाक खोललंच आहे तर मागचे कुश रबर (चाक आणि स्प्रॉकेटमधले धक्का झेलणारे रबरी तुकडे) आणि बेअरिंग हाताने फिरवून बघा. घरी चाक परत लावल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक दाबून पॅड जागेवर आणा, पहिला दाब पोकळ जातो. नव्या टायरवर पहिले १००-१५० किलोमीटर जोरात ब्रेक नको, खोल झुकणं नको. वरची चकाकी जाऊन रबर थोडं उघडं व्हायला तेवढं अंतर लागतं. चिखलदऱ्याचा घाट त्यानंतर.

---

चंद्रपूर_४७_अंश

विकत घेताना तारीख बघायची राहिली. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २२२५ म्हणजे २०२५ सालचा २२ वा आठवडा. सावलीत ठेवलेला टायर वर्ष-दीड वर्ष जुना असला तरी घ्या, काही बिघडत नाही. पण आपल्याकडे बरीच दुकानं टिनाच्या शेडमध्ये माल ठेवतात. दिवसभर तापणारं पत्रं आणि शेजारी चालणारी मोटार किंवा वेल्डिंग. विजेच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो, तो रबराला बारीक चिरा पाडतो. दुकानातच टायरची भिंत दोन्ही हातांनी वाकवा. केसासारख्या चिरा दिसल्या तर स्वस्तातही नको. आयएसआयचं चिन्ह बघा. आणि काळा चमकवणारा पॉलिश नक्षीवर कधीच मारू देऊ नका, पहिल्या वळणालाच घसरण.

---

दिग्रस_रायडर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी थंड असताना मोजलं. हवा पुढे २८, मागे २७. मागचा सपाट पट्टा साडेसात सेंटिमीटर. मध्ये नक्षी १.८ मिलिमीटर, कडेपासून तीन सेंटिमीटर आत ४.६. पुढे मध्ये ३.१. दोरी लावली: डावीकडे २३, उजवीकडे १७. फोर्क दाबून सोडला तर दोनदा हलतो. आता मागचा लगेच बदलू की मृगापर्यंत ओढू? पुढचं काय?

---

चाक_सरळ

मृगापर्यंत ओढू नका. झिजल्याची खूण असलेली पट्टी बहुतेक टायरांत ०.८ मिलिमीटरला असते, पण ती कोरड्या रस्त्यासाठी. ओल्या रस्त्यावर २ च्या खाली पाणी बाहेर फेकायची जागाच उरत नाही. तुम्ही आत्ताच १.८ वर आहात. शिवाय मध्य आणि कडा यांत जवळपास ३ मिलिमीटरचा फरक म्हणजे गाडी झुकवताना आधी अडखळते आणि मग एकदम पडते. घाटात ही सवय वाईट. 

चाक ६ मिलिमीटरच्या फरकाने वाकडं आहे, आधी ते सरळ करा. फोर्कला तेल आणि सील. हे दोन्ही नव्या टायरच्या आधी.

पुढचा ३.१ वर आहे, चालण्यासारखा. पण करवतीसारखी झालेली नक्षी सरळ होत नाही, आवाज वाढत जाईल. खिशाला परवडत असेल तर जोडी बदला. नाही तर मागचा आत्ता, पुढचा ऑगस्टपर्यंत चालवून मग. मात्र दोन्ही एकाच नावाचे असावेत म्हणून पुढचाही त्याच मॉडेलचा मिळेल ना, हे मागचा घेतानाच दुकानदाराला विचारा. आयात टायरमध्ये तीन महिन्यांनी तोच सापडेल याचा नेम नाही.

---

परतवाडा_घाट

नव्या टायरला पहिल्या दिवशीच मधली खोली मोजून वहीत लिहा, तीही व्हर्नियरने. समजा ६ मिलिमीटर आली. ४ हजार किलोमीटरनंतर ४.४ असेल तर हजाराला ०.४ जातंय. २ मिलिमीटरवर बदलायचं ठरवलं तर वापरायला ४ मिलिमीटर, म्हणजे १० हजार किलोमीटर. हवा नीट ठेवून हजाराला ०.३ वर आणलं तर तोच टायर १३ हजारांपलीकडे जातो. टायरची किंमत भागिले किलोमीटर असा हिशेब मांडला की कोणता 'महाग' ते लगेच कळतं. बरेचदा दीडपट किमतीचा टायर किलोमीटरला स्वस्त पडतो आणि बसवायचे पैसे एकदाच लागतात.

वेग ११० वरून ९० वर आणला तर मागच्या टायरवर फरक डोळ्यांनी दिसतो. बायको मागे असताना तो तसाही आणाच.

---

काळी_माती

उन्हाळ्यात गाडी दुपारची डांबरावर साइड स्टँडवर उभी करता तेव्हा खाली लाकडाची फळी ठेवा भाऊ. डांबर वितळते, स्टँड आत जाते, अन् नव्या टायरासकट गाडी आडवी होते. डिक्कीत चपटा डबा ठेवला तरी चालते.

---

दिग्रस_रायडर

ठरलं. फोर्कचं काम यवतमाळला देतो, चाक सरळ करतो, जोडी रोड ६ ची विचारतो, नसेल तर एंजल जीटी २. तारीख आणि ६९डब्ल्यू बघूनच पैसे देईन. घरचा गेज आजच मागवला. एकच राहिलं: रबरीऐवजी धातूचा व्हॉल्व्ह बसवावा का?

---

चाक_सरळ

बसवा, पण नव्वद अंशात वाकलेला घ्या. डिस्क असल्यामुळे सरळ व्हॉल्व्हवर पंपाचं तोंड नीट बसत नाही. रिमच्या भोकाचा व्यास आधी मोजून घ्या, वेगवेगळ्या मापात येतात. आतून रबरी वॉशर, बाहेरून नट, आणि नट हलक्या हाताने, कारण अ‍ॅल्युमिनियमचे आटे पटकन जातात. वरची टोपी धातूची आणि आत रबर असलेली. धूळ आत गेली की पिनमधूनच हवा जाते आणि लोक टायरला नावं ठेवतात.